वार

गुरुवार जमेल का, मी विचारतो.
बर्फ पडला नाही तर, लायल लिहितो.
डिसेंबर, डुलुथ, सुपीरियर सरोवराचा काठ:
म्हणजे नाहीच.
नगरपालिकेचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवतो तो,
आमच्यातला एकटाच,
ज्याची रजा आभाळ मंजूर करतं.

पा-हुआला रात्रपाळी.
ऑगीकडे एकाआड एक शुक्रवारी मुलगी असते,
आणि तो एकाआड एक नेमका कुठला
हे त्याच्या वकिलालाही सांगता येत नाही.
मर्ना निवृत्त झाली तेव्हापासून
तिला सगळे वार सारखेच.
कधीही, ती लिहिते, आणि पुढे एक बकरी.
मागच्या वर्षी अंगठा दाखवायला गेली,
चष्मा नव्हता, बोट बकरीवर पडलं.
तेव्हापासून आमच्यात होकार म्हणजे बकरी.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
आमच्या पाचामुखी पाच वार.

आणि तिकडे गुहेत
ड्रॅगनचं तोंड नऊ आठवडे उघडं.
मर्नाची कुऱ्हाड हवेत.
तो वार बसला की चुकला
हे वार ठरल्याशिवाय कळायचं नाही.
जबडा दुखत असेल बिचाऱ्याचा,
पा-हुआ पहाटे चारला लिहिते, वॉर्ड झोपल्यावर,
कुणीतरी पाणी द्या त्याला.
आग विझेल ना मग, लायल ट्रकमधून.
ऑगी मांजर टाकतो:
डोक्यावर चाळण घातलेलं, भिजलेलं,
जे आम्ही वाढदिवसाला, ऑगीच्या घटस्फोटाला
आणि लायलच्या बायपासला
एकसारखंच टाकलंय.
ते कुठून आलं, कुणालाच माहीत नाही.
कुणीतरी कुठेतरी खरंच भिजवलं असेल त्याला.

मी खेळवतो. म्हणजे जग माझं.
एकदा त्यांनी सराईवाल्याचं नाव विचारलं,
माझी तयारी नव्हती, समोर मोहरीची बाटली होती,
म्हणून तो सरदार मस्टर्ड.
मोहरीचा असा मोहरा झाला.
दोन वाक्यांपुरता माणूस, तीन वर्षं टिकला.
मी अकरा पानी वंशावळ लिहिलेला राजा
कुणाला आठवत नाही.
मस्टर्ड पुलावर मेला त्या रात्री
लायल बाहेर जाऊन गाडीत बसला होता.
सिगरेट ओढायला, म्हणाला.
तो सिगरेट ओढत नाही.

मंगळवारी, मांजर आणि बकरी यांच्या मधे,
मर्ना लिहिते:
घर विकलं गेलं.
अठ्ठावीसला पोरगा न्यायला येतोय, टूसॉनला.
तिकडे बर्फ काढावा लागत नाही म्हणे.
आणि लगेच खाली: रविवारी कोण मोकळं आहे?

तीन टिंबं आली. गेली.
पुन्हा आली, दुसऱ्या कुणाची तरी.
मांजर कुणी टाकलं नाही.
मग लायल: उद्या.
पा-हुआ: उद्या. पाळी बदलून घेते.
ऑगी: मुलगी माझ्याकडे आहे, घेऊन येतो.
मी: उद्या बर्फ आहे, सोळा इंच.
लायल: माहितीय. मीच काढणार आहे.

मर्नाच्या स्वयंपाकघरात खुर्च्या उरल्या नाहीत.
मी 'थंडीचे कपडे, दान' वर बसलोय,
पा-हुआ 'काच' वर, जपून.
नकाशा ओट्यावर, ड्रॅगन म्हणून मिरपूडदाणी,
कारण ड्रॅगन माझ्या घरी राहिला.
नऊ आठवडे तयारी, आणि ड्रॅगन घरी.
बाहेर लायलचा ट्रक चालूच,
नारिंगी दिवा रिकाम्या भिंतींवरून फिरतोय
जिथे फ्रेमांचे चौकोन उजळ राहिलेत.
जेवणाच्या सुट्टीची सहा मिनिटं बाकी, तो सांगतो,
आणि बुटांखाली पाण्याचं तळं होत जातं.

मर्नाने वीस बाजूंचा फासा मुठीत धरलाय.
फुंकर मारते. पुन्हा मारते.
टाक ना, ऑगीची मुलगी म्हणते.
थांब गं, मर्ना म्हणते,
आज वार कोणता?

बुधवार, ती पोरगी सांगते.